शिडी काढायला शिडी

एका वर्कशॉपात लई वर्षं काढली की अंगावर धूळ बसती तसं किस्से बसतात. झाडलं तरी जात न्हाईत. आमच्याकडं तर निम्म्याच्या वर किस्से शिडीचेच.

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत आमचं वर्कशॉप. दुकानांच्या पाट्या बनवायच्या, आत लाईट बसवायची आन उंचावर ठोकून यायचं. मालक आण्णा. हायत मराठीच, पण आज्यापासनं हितंच, त्यामुळं निम्मं बोलणं कानडीत. मी निपाणीकडचा. वर चढणारा गडी म्हंजी माझा मेव्हणा दशरथ. त्याला गावाकडनं मीच आणला. निघताना बायको एवढंच म्हणाली, "माझा भाऊ जसा नेताय तसाच परत आणा."

तवापासनं शिडी दिसली की माझं टाळकं सरकतंय.

*

पयली शिडी घ्यायला आण्णांसंगं मी गेलतो. वाटंत सगळं सांगितलं. आण्णा, आपलं काम लाईटीचं, ॲल्युमिनियम नको, फायबरची बघा. पायाला जाड रबर पायजे, पायऱ्या रुंद पायजेत, उभं ऱ्हाऊन हात मोकळा चालला पायजे. आण्णांनी मान डोलवून डोलवून ऐकलं. दुकानात शिरले आन सगळ्यात हलकी ॲल्युमिनियमची शिडी एका हातानं उचलून दाखवली.

"स्वल्प वजन," म्हणाले. "तुम्हालाच वाहायची हाय."

आमच्याच भल्याचं बोलत हुते. शिवी तोंडात आलेली गिळली.

पयल्याच आठवड्यात शिडी एका उघड्या वायरीला टेकली. दशरथला असा झटका बसला की पक्कड एकीकडं आन गडी दुसरीकडं. नशीब, खालच्याच पायरीवर हुता. मी वर्कशॉपात येऊन आण्णांवर ओरडलो. त्यांनी शांतपणे सायकलची जुनी ट्यूब मागवली, सगळ्या पायऱ्यांना गुंडाळली आन हात झटकले.

"सरी, झालं बरोबर. आता रबराची झाली."

*

बरं, ही शिडी ठेवायची कुठं? आत जागा न्हाई. पाट्या, पत्रे, अक्षरं, त्यातच आमचं जेवणाचं डबं. म्हणून शिडी भाईर, गल्लीत, भिंतीला उभी. मी म्हणलं, आण्णा, कोणतरी न्हील. आण्णांनी भिंतीत कडी ठोकली, एका पायरीतनं साखळी घातली आन वर नारळाएवढं पितळी कुलूप लावलं.

एक दिवस सकाळी येतोय तर शिडी गायब. चोरानं पायरी कापली आन बाकीची शिडी घिऊन गेला. साखळीत ती तेवढी एक पायरी लोंबत हुती, ट्यूब गुंडाळलेली.

मला वाटलं आण्णा आता डोक्याला हात लावून बसणार. त्यांनी कुलूप ओढून बघितलं, चावी घालून बघितलं.

"कुलपाला कायबी झालं न्हाई बघ," म्हणाले.

*

मग आण्णांनी घरनं त्यांच्या वडलांची लाकडी शिडी आणली. लाकूड चांगलं, पण आमच्याच वयाचं. ही चोरीला जायला नको म्हणून वर्कशॉपातच वर, पार छताजवळ, भिंतीला मोठे हूक मारले आन तिथं आडवी टांगली. कसं मारले हूक? शेजारच्या शिंप्याची शिडी आणून.

दुसऱ्या दिवशी काम निघालं. आम्ही खाली, शिडी वर. स्टुलावर चढून हात पोचंना. दशरथ गेला शिंप्याकडं शिडी मागायला. मग तिसऱ्या दिवशी गेला. मग रोजच. शिंपी बिचारा देत हुता. एकदा मातर त्यानं सुई थांबवली, चष्मा वर केला आन इचारलं की तुमची शिडी हाय न्हवं, मग माझी कशाला लागती?

दशरथ म्हणाला, "ती काढायला."

शिंप्यानं शिडी दिली. पण त्या दिवसापासनं आमच्याकडं बघायची त्याची नजर बदलली.

*

आयुध पूजेचा किस्सा सांगताना अजून माझं पित्त खवळतंय. ह्या गावात दसऱ्याला गाड्या, मशीन, पाना-पक्कड, सगळ्यांची पूजा असती. आम्हीबी करतो, त्यात कायबी वाईट न्हाई. पण आण्णा दर वर्षी पूजेच्या आधी लाकडी शिडीला ऑईल पेंट मारायचे. लाल आन पिवळा, घट्ट, दोन हात. नव्या नवरीसारखी दिसायची.

लाकडाच्या शिडीला रंग मारत न्हाईत. तेल लावतात न्हाईतर साधं वार्निश, म्हंजी चीर पडली तर डोळ्याला दिसती. रंगाखाली काय दिसणार? मी एका पायरीवर चाकू घिऊन रंग खरवडायला लागलो, तर आण्णा धावत आले, माझा हात धरला.

"पूजेची वस्तू खरवडतोस? घरात देव हायत का न्हाईत तुझ्या?"

वर त्या पायऱ्यांना हळद-कुंकवाचा आन तेलाचा हात फिरवला. पूजा झाल्यावर त्या दिवशी शिडीवर कुणी पाय ठेवायचा न्हाई, असं स्वतःच सांगितलं. आन संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरी भागातल्या त्यांच्याच घरातला देवघराजवळचा दिवा गेला. फोन आला, दशरथला शिडी घिऊन पाठव.

तेलाच्या पायऱ्या. दशरथ घसरला, हनुवटी पायरीवर आपटली, टाके पडले. आण्णांनी त्याला स्वतःच्या गाडीतनं दवाखान्यात नेलं, चहा पाजला, सगळं केलं. आन परत येताना म्हणाले, "पाय धुवून चढला नसशील."

बायकोनं फोनवर भावाचं तोंड बघितलं. फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी मी आण्णांच्या टेबलावर हात आपटला. म्हणलं, एक तर फायबरची शिडी येणार न्हाईतर मी आन दशरथ गावाकडं जाणार. आण्णा घाबरले का त्यांना वाईट वाटलं, म्हाईत न्हाई. पण शिडी आणली. खरोखरची फायबरची. जाड रबराचे पाय, रुंद पायऱ्या, उघडली की मधी लॉक बसतंय. मी चढून, हलवून, ठोकून बघितली. कुठं खोट काढायला जागा न्हाई. डोळ्यात पाणी आलं म्हणलं तर लोक हसतील.

आण्णांनी कोहळा फोडला, पूजा केली. प्लॅस्टिकचं कव्हर काढू दिलं न्हाई. संध्याकाळी टेम्पो बोलावला आन शिडी बनशंकरीला स्वतःच्या घरी पाठवून दिली.

"हितं धूळ लागंल," म्हणाले. "लागली की मागा."

आम्ही मागायचो. ते म्हणायचे, आज बारकं काम हाय, लाकडावर भागवा. रोज बारकंच काम निघायला लागलं.

*

आता हे शेवटचं.

बेळ्ळंदूरला एका मोठ्या ऑफिसच्या दारावर पाटी लावायची हुती. उंच दार, खाली गुळगुळीत फरशी. मी दशरथला म्हणलं, तू अक्षरं आन लाकडी शिडी घिऊन टेम्पोतनं पुढं हो, पण चढू नको. मी बनशंकरीतनं नवी घिऊन येतो. मी येईस्तोवर चढायचं न्हाई. त्यानं मान हलवली.

आण्णांच्या घरी गेलो तर शिडी गच्चीवर. दोन पिंपांवर आडवी टाकलेली, वर धुतलेलं लुगडं, आन लुगड्यावर आण्णांच्या बायकोनं, आक्कांनी, सांडगे वाळत घातलेले. कव्हर तसंच. मी म्हणलं, आक्का, शिडी पायजे, पोरगा उंचावर चढायचा हाय. आक्का म्हणाल्या, सांडगे ओले हायत, उद्या या. मी म्हणलं, आज पायजे. म्हणाल्या, मग आण्णांना इचारा.

आण्णांना फोन लावला. देवळात गेलते, उचलंनात. परत लावला. परत. शेवटी मी लुगडं चारी टोकांनी धरून बाजूला ठेवलं, काही सांडगे फुटले, आन शिडी खांद्यावर मारली. आक्का जिन्यापतोर मागं आल्या. कानडीत काय बोलल्या ते मला समजलं, पण सांगत न्हाई.

रिक्षावाल्यांनी शिडी बघून "आगल्ल", जमायचं न्हाई, म्हणून मान फिरवली. एक मालाची गाडी मिळाली. बेळ्ळंदूरच्या अलीकडं सगळं जाम. गाड्या हलंनात. मी आत बसून दशरथला फोन लावत हुतो. वाजत हुता, उचलत नव्हता.

मी पोचलो तवा दाराम्होरं माणसं जमलेली. लाकडी शिडी फरशीवर पडलेली, मधली पायरी दोन्हीकडनं तुटलेली. तुटल्या जागी लाकूड आतनं काळं. तिथला मॅनेजर कुणालातरी सांगत हुता की पाव्हणे यायचे हुते म्हणून फक्त जरा घाई करा म्हणलं हुतं.

दशरथ खांबाला टेकून बसलेला. एक पाऊल भलतीकडंच वळलेलं. घामानं चेहरा भिजलेला. कुणीतरी पाण्याची बाटली दिलेली, ती तशीच हातात.

मी नवी शिडी त्याच्याशेजारी टेकवली. मला ओरडायचं हुतं. त्याच्यावर, मॅनेजरवर, सगळ्यांवर.

दशरथनं शिडीकडं बघितलं. वरपासनं खालपतोर बघितलं. मग माझा हात धरला, जवळ ओढलं आन हळू आवाजात इचारलं,

"दाजी, आण्णांना इचारून आणलीय न्हवं?"