उलटा घातलेला ग्लोव्ह

मी सामन्यात वापरलेलं खेळाचं सामान जमवते, तेही बेसबॉलचं. बालाघाटात हे सांगितलं की समोरचा विचारणारच, "क्रिकेटचं काहून नाही?" क्रिकेटचं जमवणारे गल्लोगल्ली सापडतील. आमच्या शाळेत मुली बेसबॉल खेळायच्या. म्हणजे बाकीच्या खेळायच्या, मी बाकावर बसायचे. पण बाकावर बसून नजर तयार होते, आणि माझी नजर तेज आहे हे सांगायला मी कधी लाजत नाही.

शाळा जुनं सामान भंगारात काढतात. भंगारवाल्याच्या आधी मी तिथं पोचते. कोरी वस्तू मला फुकटही नको. चेंडूला भिडलेली बॅट, घामानं काळा पडलेला ग्लोव्ह, असलंच काही आमच्या घरात येतं. यजमान त्या खोलीला कबाडखाना म्हणतात आणि पाहुणे आले की मोठ्या रुबाबात तिथंच घेऊन जातात. एकदा एक गृहस्थ सामन्यातली म्हणून बॅट घेऊन आले. तिच्यावरचे सगळे डाग कसे ओळीत, सारख्या अंतरावर, घरी बसून ठोकलेले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यांना चहा पाजला आणि बॅटीसकट परत पाठवलं.

एका ग्लोव्हनं मात्र मला फार छळलं. तिरोडीकडच्या एका शाळेच्या सामानात तो मिळाला होता. ग्लोव्ह म्हणजे चेंडू झेलायचा चामड्याचा जाड पंजा. उजव्या हातानं फेकणारी मुलगी तो डाव्या हातात घालते, आणि शाळेतले सगळे पंजे त्याच हाताचे असतात. पण ह्याचं करंगळीचं बोट आतून पार फाकलं होतं आणि अंगठ्याची जागा जवळजवळ कोरी राहिली होती. कोणी म्हणे उंदरांचं काम, कोणी म्हणे पावसात भिजला असेल. मला काही ते पटेना. शेवटी एका दुपारी मी तो उजव्या हातात, उलटाच घालून पाहिला. माझा अंगठा करंगळीच्या जागी बरोबर बसला.

म्हणजे ही मुलगी डावखुरी होती. तिच्या हाताचा ग्लोव्ह शाळेत नव्हता, तर मिळाला तो उलटा घालून ती खेळली, आणि भरपूर खेळली. न पाहिलेल्या त्या मुलीवर माझा जीवच जडला. ती कोण हे कळेपर्यंत ग्लोव्ह कपाटात मांडायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्या शाळेचे जुने खेळशिक्षक भेटले. ते म्हणाले, "हौ, एक डेबरी होती न. डाव्या हातानं अशी फेके का पाहतच राहाव. तिरोडीतच देली तिले."

मी विचारत विचारत तिरोडीला तिच्या घरी गेले. ओसरीवर तिच्या सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. सून माझ्याच वयाची. तिनं पाणी दिलं, चहा दिला, सगळं उजव्या हातानं. मी पिशवीतून ग्लोव्ह काढला आणि तिचा चेहरा उतरला.

"मी नाही खेळली ताई. दुसरी कोणी असन."

बोलताना तिची नजर सासूबाईंवर होती. कप ठेवायच्या निमित्तानं मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले. तिथं तिनं ग्लोव्ह माझ्या हातातून घेतला आणि न पाहता उजव्या हातात उलटा चढवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"पाहाले आले तवा बाबा म्हणे, पोहे उजव्या हातानं दे," ती हळूच म्हणाली. "डेबरी सून कोणी करत नाही. तवापासून तसंच चालू आहे. इथं कोणालेच माहीत नाही. तुम्ही नका सांगू."

ग्लोव्ह तिच्याकडेच ठेवून निघावं, असं मनात आलं. मला फार वाईट वाटत होतं. एवढा हात, आणि घरातल्या घरात लपवून ठेवलेला.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "माकडं हाकलते तवा गोटा कोण्या हातानं मारते व?"

तिनं घाईघाईनं ग्लोव्ह हातातून ओढून काढला.

सासूबाई सूप बाजूला ठेवून दारात आल्या. "पयल्याच वर्षी दिसलं मले. नेम एक चुकत नाही तुहा. तू लपवून राह्यली होती, मंग मी कायले बोलू? मले वाटलं तुले शरम वाटते."

"मले वाटलं तुमाले चालनार नाही," ती म्हणाली.

"पयले नसतंच चाललं," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जेवून जा बाई. आन तू वाढ आता, तुह्या हातानं."

सासूबाई आणि मी पाटावर बसलो. तिनं वरणाची पळी डाव्या हातात घेतली. निम्मं वरण वाटीत पडलं, निम्मं सासूबाईंच्या भाकरीवर. त्यांनी ताट तिच्याकडे थोडं सरकवलं आणि म्हणाल्या, "अजून वाढ."