न बघता लिवलेला डोळा

डोळे तपासायच्या मशीनच्या हनुवटी टेकवायच्या पट्टीवर डॉक्टरांनी पिवळी पिशवी गुंडाळली. रक्ताचे बोळे टाकायची पिशवी. म्हणाले, "मावशी, मशीनला हात लावू नका. बाकीच्या पेशंटना लागण होईल."

नऊ वर्सं ती पट्टी मीच पुसत हुते. नगरच्या त्या डोळ्यांच्या खासगी दवाखान्यात मी आया. लोकांचा घाम, शेंबूड, समदं स्पिरिटनं पुसलं. तवा माझा हात चालला. तिथल्याच कचऱ्यातली उघडी सुई बोटात घुसली आन 'हिपॅटायटिस बी' म्हनत्यात ती कावीळ रक्तात आली. अंगातच मुरली. पुढं डाव्या डोळ्यापुढं काळे दोरे तरंगाया लागले. पोटाचे डॉक्टर बोलले, "या काविळीत कधीकधी डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. लगेच दाखवा." लई भ्याले. म्हून आपल्याच दवाखान्यात गेले. आपल्याच! काय खुळी बाई मी.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकले. डॉक्टरांनी लांबूनच बॅटरी मारली, कागदावर खरडलं. "जा." थेंबांनी जवळचं दिसत न्हवतं. मान खाली घालून "व्हय सर" म्हनले. त्याची लाज आजबी वाटती.

दुपारी नजर निवळली, तवा कागद वाचला. 'दोन्ही पडदे नॉर्मल.' पडदा त्यांनी बघितलाच न्हवता! आन दोरे तर सकाळपेक्षा दाट झाल्ते. तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच माघारी फिरले. भरल्या ओपीडीत मशीनपुढं बसले, पट्टीवर हनुवटी ठेवली, दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"मावशी, उठा. तमाशा नको."

"बघितल्याबिगर उठायची न्हाई. लिवलंय ना तुमी? आता बघा."

दारात पेशंट गोळा झाले. परत थेंब टाकावे लागले. डॉक्टरांनी बघितलं. मग हळूच म्हणाले, "डाव्या पडद्यात रक्त उतरलंय."

"लिवा. आन सुई कुठं टोचली, तेबी लिवा."

पहिलं लिवलं. दुसरं न्हाई. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं.

डाव्यानं आता निम्मंच दिसतं. पुढं काय, कुनी सांगत न्हाई. तिथं अजून चार आयांना सुया टोचल्यात, कुनाचीच नोंद न्हाई. त्या भ्यात्यात. मी रोज सुट्टीच्या टायमाला फाटकाशी उभी ऱ्हाते. दोघींच्या तपासण्या करून घेतल्या, दोघी ऱ्हायल्या. सुई कुठं टोचली ते त्या डॉक्टरांच्याच हातानं लिवून घेनार. उजवा डोळा गेला तरी.