बरणीतली एकटी

काचेच्या बरणीला आतून चिकटून एक तपकिरी पाणगोगलगाय वर सरकते आहे, नखाएवढी, चकलीसारखी चपटी गुंडाळलेली… आणि दुपारचं ऊन तिच्या शंखातून आरपार गेल्यामुळे पाण्यात मधाच्या रंगाची सावली पडली आहे. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातलं बालपण आठवू लागलं, की आधी हे चित्र उभं राहतं, आणि पाठोपाठ येतो वाळत घातलेल्या पापडांतल्या मिरीचा, तापलेल्या डांबराचा, घासलेटाचा वास.

लष्कराने सोडलेल्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून माणसांनी संसार मांडले होते. वडील रेशन ऑफिसात कारकून, म्हणून आम्हालाही तिथलीच एक खोली मिळालेली. पडद्यापलीकडे गोपीमावशी राहायची, फाळणीत सिंधमधून एकटीच आलेली. नवऱ्याने तिला कराचीला बोटीत बसवलं आणि अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी तो मागे राहिला. महिन्याभरात येतो म्हणाला होता. एक पत्र आलं, मग तेही नाही… अशी चार वर्षं. अजमेरचा भाऊ तिला सारखा बोलवायचा. तिथे एक भला विधुर तिच्याशी लग्नाला तयार होता. "मैं चली गई और वो यहाँ आया तो?" एवढंच मावशी म्हणायची, आणि पुन्हा पापड लाटू लागायची.

गोगलगाय माझ्या दादाची. तो मुंबईच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकत होता. वालधुनी नदी तेव्हा तळ दिसेल इतकी नितळ होती. तिच्या डोहातून त्याने गोगलगाईची अंडी आणली, आणि ती फुटताच एक पिल्लू वेगळ्या बरणीत ठेवलं. बाकीची भावंडं शेजारच्या घमेल्यात.

"हिच्यात नर आणि मादी दोन्ही असतात," दादा मला म्हणाला. "दोघी भेटल्या की दोघींनाही अंडी होऊ शकतात. एकटी असली तर थांबते, जोडीदाराची वाट बघते. पार थकली, की मग आपली आपणच घालते. किती दिवस थांबते, ते मला बघायचंय." रोज तो वहीत एक रेघ ओढायचा.

मावशीने हे पडद्याआडून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी बरणीपाशी येऊन विचारू लागली, "आज?" मी नाही म्हणून मान हलवली, की ती काचेवर हळूच बोट टेकवायची.

तिचं ते रोजचं विचारणं मला सोसवेना. मी दहा वर्षांची होते. वाट पाहणाऱ्याला शेवटी कुणीतरी भेटतं, एवढंच मला तिला दाखवायचं होतं. एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी घमेल्यातली एक गोगलगाय उचलून बरणीत सोडली. नवी बराच वेळ काचेवरून फिरली, मग एकटीच्या शंखावर चढली, सावकाश गोल वळत कडेशी येऊन थबकली. दोन मऊ अंगं एकमेकींना बिलगली. पाणी हलत नव्हतं… मी श्वास रोखून बघत होते. पुष्कळ वेळाने त्या सुटल्या, आणि खालची होती ती वर चढली. नवरा कोण, नवरी कोण, मला कळेना; मग दादाचे शब्द आठवले आणि अंगावर काटा आला. बाहेर पावलं वाजली. मी दुसरी काढून घमेल्यात टाकली.

चौथ्या दिवशी काचेवर अंड्यांची पारदर्शक चिकट टिकली दिसली. दादा हर्षाने ओरडला. मावशी पीठभरल्या हातांनी धावत आली, आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, "अकेली?"

दादा वही उघडून उभा होता. मी म्हणाले, "हां… अकेली."

तिने पिठाचं बोट काचेवर टेकवलं. मग म्हणाली, "तो ये भी थक गई."

आठवड्याभरात मावशी अजमेरला गेली. दिवाळीनंतर तिच्या लग्नाचं पत्र आलं. आईने ते देवापुढे ठेवलं.

थंडी सरता सरता एका दुपारी एक उंच, वाळलेला माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. "यहाँ गोपी रहती है?"

आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि जे झालं ते खाली बघत सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "माँ अभी दशहरे में गुज़री. तब निकल पाया." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "बेटी, बहुत राह देखी उसने?"

"रोज," मी म्हणाले. पुढचं ओठांवर आलं होतं… पण ते ट्रंकेच्या कडीला हात घालून उठले. आईने अजमेरच्या पत्त्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली, आणि आईच्या हातात परत ठेवला.

मावशी कदाचित तशीही गेली असती. मोठेपणी मी स्वतःला हे अनेकदा समजावलं आहे. दादाला मी कधीच काही सांगितलं नाही. आता तोही नाही. आईच्या माघारी तिच्या डब्यात तो कागद मला सापडला. घड्यांवर तो विरला आहे, पण अक्षर अजून वाचता येतं.