अध्यक्षांच्या बायकोचं पहिलं बक्षीस

माझा नवरा मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला आणि माझी चित्रकला एकदम सुधारली. त्याआधी दिवाळी मेळाव्यातल्या चित्रस्पर्धेत मला फार तर उत्तेजनार्थ मिळायचं. तो अध्यक्ष झाल्यावर पहिलं. पुढच्या वर्षीही पहिलं, आणि तेसुद्धा अशा उंटाला, ज्याचा कच्च्या रेघेचा एक पाय मी खोडायला विसरले होते. उंट पाच पायांवर उभा होता. परीक्षक म्हणाले, "चालण्याची गती छान पकडली आहे." नवराही "सुंदर" म्हणाला.

मी हसले, पण मनातून खचले. आयुष्यभर एवढी एकच गोष्ट मनापासून केली, आणि ती आपल्याला येते की नाही हेच कळेनासं झालं.

त्याच सुमारास लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला : अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षांची चित्रकार बायको. अडखळत तिने मला सांगितलं, "आई, तिने ना, पेंटिंग दुसऱ्या नावाने पाठवलं. म्हणजे हजबंडमुळे सिलेक्ट नको व्हायला."

ती चित्रकार बाई मला फार आवडली. लेकीचा प्रोजेक्ट पुरा व्हायच्या आत मी अल खौदमधल्या आमच्या शेजारणीचं, रत्नागिरीच्या भाभींचं दार वाजवलं.

"भाभी, स्पर्धेला तुमचं नाव वापरू?"

"वापर की. पण मला कोणी ब्रश हातात दिला तर?"

"पाठ दुखते म्हणा."

भाभींच्या नावाने मी सहम या कोळ्यांच्या गावच्या किनाऱ्याचं चित्र दिलं, जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यासकट. त्याच्या बोटांवर तीन आठवडे गेले. कोणाला संशय नको म्हणून माझ्या नावाने अर्ध्या तासात एक फुलदाणी उरकली.

फुलदाणीला पहिलं बक्षीस मिळालं. सहमला तिसरं.

भाभी कमरेवर हात ठेवून, कण्हत स्टेजवर गेल्या. कोणी काही विचारलंही नव्हतं. मग माईक धरून "रंगांत मीठ बेतानं घालावं" असं काहीतरी बोलल्या आणि टाळ्या घेऊन आल्या. मी माझ्या फुलदाणीचं प्रमाणपत्र नवऱ्याच्याच हातून घेतलं. शरमेने मान वर होईना.

मेळावा अमेरातला होता, तिथून आम्ही गाडीने परतत होतो. घाट लागला तरी नवऱ्याने रेडिओसुद्धा लावला नाही. शेवटी म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"पहिलं बक्षीस खरं तर भाभींचं होतं. त्या म्हाताऱ्याची बोटं बघितलीस? तुला नाही जमायचं तसं."

लग्नाला सतरा वर्षं झाली. इतकं गोड तो मला आजवर कधीच बोलला नव्हता. डोळे भरून आले. तो घाबरून म्हणाला, "बघ, रागावलीस ना?"