आत्याची पहिली तक्रार

माझी आत्या सव्वीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसते आहे. फोनवरचा तिचा आवाज तुम्ही ऐकला नसेल, तर तुमच्या घरची वीज कधी गेलीच नाही असं मी धरून चालेन. "नमस्कार, बोला. हो. हो काऽ? अगदी बरोबर आहे तुमचं. माणूस पाठवते." यातला 'हो काऽ' महत्त्वाचा. आत्या तो असा लांबवते, की समोरच्याला वाटावं, आपला पंखा बंद पडल्याचं दुःख या बाईला आपल्यापेक्षा जास्त झालंय. मी ही नक्कल केली की बाबांना हसून ठसका लागतो. आत्याही हसते आणि मला 'पोपट' म्हणते. तिची सोडून कुणाचीही नक्कल केली की ती "अगं, बिचारे" म्हणते, पण स्वतःच्या नकलेला पोट धरून हसते.

खिडकीत ती दिवसभर लोकांचं ऐकते आणि घरी आली की आमचं. आईला बाबांबद्दल सांगायचं असतं, बाबांना साहेबांबद्दल, मला जगाबद्दल. आत्याला कुणाबद्दल काय सांगायचं असतं हे आम्ही विचारलं नव्हतं. खरं तर डोक्यातच आलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तिच्या खिडकीसमोर एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. निवृत्त बस ड्रायव्हर. आवाज असा, की शेवटच्या बाकावर झोपलेल्यालाही आपला थांबा कळावा.

"तार काढून न्या," तो म्हणाला.

"काय तक्रार आहे आपली?"

"तक्रार नाही. आमच्या टेकडीवर तुमचे दोन खांब आहेत, त्यांवर तुमची तार आहे. आम्हाला ती नको."

"दाब कमी येतो का? दिवे फडफडतात?"

"छान येतो. पण नको. आमची वीज आम्ही करतो."

आत्याकडे नव्या जोडणीचा फॉर्म होता, नाव बदलायचा होता, मीटर बदलायचा होता. वीज नको म्हणणाऱ्या माणसाचा फॉर्म कुणी छापलाच नव्हता. तिने नव्या जोडणीच्या फॉर्मवर 'हवी' खोडून वर बारीक अक्षरात 'नको' लिहिलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "मग दिवे गेले की फोन कुणाला करता?"

"फोन नाही."

"मग ओरडता कुणावर?"

"एकमेकांवर. रोज सकाळी. वेळ ठरलेली आहे."

त्या संध्याकाळी आत्याने हे आम्हाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ती हसत नव्हती.

मग ती टेकडीवर जाऊ लागली. आधी एका सुट्टीपुरती, मग जोडून सुट्टी आली की. टेकडीवर अकरा घरं आणि सव्वीस माणसं. बस ड्रायव्हर, एक दातांची डॉक्टर, एक सुतार, शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणी, बाकीचे असेच आपापलं काम सोडून आलेले. वरच्या झऱ्याचं पाणी पाइपातून खाली आणलेलं. छपरांवर सोलर पॅनेल. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीला ज्याचा त्याचा मग. आत्या परत आली की डबा उघडायच्या आधी त्या खुंट्यांबद्दल बोलायची. "सव्वीस आहेत गं. सगळ्या एका उंचीवर नाहीत. ज्याचा हात जिथे पोचतो तिथे ठोकलीय."

बाबा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, "ताई, तुला मालिकेचा एक भाग चुकला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. टेकडीवर काय सुताराला अभिनय करायला लावणार?"

"सुतार करतो की. फुकट."

आई मात्र हसायची नाही. "तुम्ही गेलात तर या घरात माझं कोण ऐकून घेणार, ताई?"  आत्या भांडी आवरायला उठायची.

चौथ्या वर्षी तिने साठवलेली रजा एकदम काढली. चाळीस दिवस. टेकडीवर कायमचं राहायचं तर आधी चाळीस दिवस राहून दाखवावं लागतं. बाबा आणि मी तिला सोडायला गेलो तेव्हा ड्रायव्हरने नियम सांगितला, आणि तो ऐकून बाबा मोठ्याने हसले.

नियम असा. रोज सकाळी सगळे छपराखाली गोल बसतात आणि ज्याला जे खुपतंय ते तो बोलून टाकतो. नव्या माणसाने चाळीस दिवसांत निदान एक तक्रार करायची. खरी. ती सगळ्यांनी ऐकायची, सोडवायची. मग सुतार त्याची खुंटी ठोकतो. तक्रार नाही तर खुंटी नाही.

"सुरुवातीला सात कुटुंबं आली आणि गेली," ड्रायव्हर म्हणाला. "सातही कुटुंबं शेवटच्या दिवसापर्यंत 'सगळं छान आहे' म्हणत होती. एक बाई तर चुलीवर दूध ठेवून गेली. उतू गेलं तेव्हा कळलं, ती गेली."

"तक्रार!" बाबा म्हणाले. "अहो, आमच्या ताईचा धंदाच तो. पहिल्या दिवशी पास."

 आत्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

एकोणचाळिसाव्या दिवशी आम्ही तिला आणायला, किंवा तिचं उरलेलं सामान पोचवायला, गेलो. यातलं कोणतं ते ठरलं नव्हतं. आत्या उन्हाने रापली होती आणि भरभर चालत होती. तिने सगळ्यांना स्वतःची सवय लावली होती. बॅटऱ्या सारख्या उतरत होत्या, तेव्हा तिने प्रत्येकाला खिडकीतल्यासारखे सहा प्रश्न विचारले आणि कोणती तार कुरतडली गेलीय ते जागेवरून न उठता सांगितलं. दातांची डॉक्टर मला म्हणाली, "तुझ्या आत्याला सोडायचं नाही आम्हाला. पण तू काहीतरी कर बाई. तोंडच उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे चाळिसाव्या, आम्हीही गोलात बसलो.

सुताराने सुरुवात केली. "माझी मोजपट्टी रोज कोणीतरी नेतं. आणि जे नेतं ते दात उपटतं."

"आणि पहाटे पाचपासून शिट्टी कोण वाजवतं?" डॉक्टर म्हणाली. "तीही एकाच ओळीची. पुढची ओळ येत नसेल तर मी शिकवते, पण पुढे जा!"

मग शिवणकामवाल्या बहिणींपैकी थोरली, अगदी हळू, अगदी गोड: "संडासात राख टाकायला कोण विसरतं त्याचं नाव मी घेणार नाही. फक्त तो उंच आहे आणि पूर्वी बस चालवायचा."

सगळे हसले. ड्रायव्हरने कान पकडले. आणि मग सगळे आत्याकडे बघू लागले. सुताराच्या सदऱ्याच्या खिशातून नव्या खुंटीचं टोक वर आलेलं मला दिसलं. त्याने ती करूनच ठेवली होती.

"बोला बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"काय बोलू? सगळं छान आहे. तुम्ही सगळे किती करता माझ्यासाठी."

"ते झालं. खुपतंय काय?"

आत्याने पदर सारखा केला. ओठ उघडले, मिटले. मी तिच्या कोपराला ढोसलं. "अगं, काहीतरी सांग ना!"

"काल..." आत्या म्हणाली. सव्वीस जण पुढे झुकले. "काल वारा जरा जास्त होता."

"वाऱ्याला सांगितलं असतं," ड्रायव्हर म्हणाला, "पण तो बैठकीला येत नाही."

यावर कुणी फारसं हसलं नाही. ते थांबले, बराच वेळ थांबले. धाकटी बहीण तर डोळ्यांनीच आत्याला "बोल, बोल" म्हणत होती. आत्या दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून हसत राहिली. फोनवर बोलताना ती अशीच हसते, समोरच्याला दिसत नसलं तरी.

शेवटी ड्रायव्हर उठला. त्याचा आवाज पहिल्यांदाच पहिल्या बाकापुरता झाला. "पुढच्या वर्षी याच दिवसांत या, बाई. आम्ही वाट बघू."

सुताराने खुंटी खिशात खाली ढकलली.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली.  बाबांनी चॉकलेट पुढे केलं, नको म्हणाली. मग घाट उतरून बस सपाटीला लागली, आणि कुणी काही विचारलेलं नसताना आत्या म्हणाली,

"गादीत गाठी होत्या."

"काय?" बाबा म्हणाले.

"माझ्या गादीत. तीन. एक बरोबर कमरेखाली. आणि ती शिट्टी! अरे, चाळीस दिवस एकच ओळ! आणि ती थोरली मला रोज लहान वाटी द्यायची. रोज! मला भूक लागत नाही असं तिला कुणी सांगितलं? आणि मला सगळे 'बाई' म्हणतात, एकालाही माझं नाव ठाऊक नाही. आणि डॉक्टर बोलताना माझ्या दातांकडेच बघते."

कंडक्टर तिकिटं द्यायची थांबून ऐकू लागला. मी तर हरखून गेले होते. सोळा वर्षांत आत्याचा हा सूर मी ऐकलाच नव्हता, आणि मी एकेक शब्द पाठ करत होते. थांबेपर्यंत तिच्या चौदा तक्रारी झाल्या. मी मोजल्या.

"ताई," बाबा म्हणाले, "मग तिथे का नाही बोललीस गं? यातली एक जरी बोलली असतीस..."

आत्या बाहेर बघत म्हणाली, "मला ती जागा फार हवी होती रे. वाटलं, नावं ठेवली तर म्हणतील, हिला आवडलं नाही, पाठवा परत."

 ते चॉकलेट बाबांनी माझ्या हातात दिलं.

आता आत्या पुन्हा खिडकीत बसते. घरी मधेच घड्याळाकडे बघते आणि म्हणते, "आता तिथे पॅनेल पुसत असतील." किंवा, "आता वरच्या पाइपाचं पाणी खालच्या वाफ्यांना वळवलं असेल." आम्ही जेवत असतो. आई तिच्या ताटात वाढते. हल्ली आई तिला बाबांबद्दल फारसं सांगत नाही. कधीकधी नुसती शेजारी बसते.

आणि रविवारी दुपारी आत्या माझ्या खोलीत येते, दार लोटते, पलंगावर ताठ बसते.

"कर," म्हणते.

मी तिचीच नक्कल करते. बसमधली. ती परक्या बाईचं ऐकावं तसं स्वतःचं ऐकते आणि मग मागून म्हणते.

"गादीत गाठी आहेत," मी म्हणते.

"गादीत गाठी आहेत. पण तुमचा तरी काय इलाज."

"आत्या! इलाज त्यांचा ते बघतील!"

"बरं बरं. पुन्हा."

"शिट्टी बंद करा."

"शिट्टी बंद करा, म्हणजे तसा मला त्रास नाही..."

"आहे! त्रास आहे!"

"आहे," आत्या म्हणाली. "त्रास आहे."

हे गेल्या रविवारचं. मग ती भिंतीला टेकली. मला वाटलं, दमली. ती पलंगाच्या चादरीवरून हात फिरवत होती, काहीतरी चाचपत असल्यासारखी.

"पोपट," तिने मला विचारलं, "यंदा तिथे दुसरं कुणी नवीन आलं असेल का गं?"

"आलं असेल की."

"त्याला माझी गादी दिली असेल?"

"दिली असेल. आपल्याला काय, गाठी तर आहेत तिच्यात."

"असू देत गाठी," आत्या म्हणाली. "माझ्या गादीवर दुसरं कुणी झोपलेलं मला चालणार नाही."

पुढे 'पण' आला नाही. मी वाट बघितली, तरी आला नाही. खोलीत हा एक नवाच आवाज होता, माझ्या नकलांमध्ये नसलेला.

"हेच," मी म्हटलं. "आत्या, हेच परत म्हण."