साफ आलेला फोटो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते रेवतकर मास्तरांचे. ते वर्ध्याला शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि हौसेने फोटो काढत. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर फक्त बिघडलेले फोटो असत, चांगले पेटीत. पाहुणे हसले की म्हणत, "चांगला फोटो काही बोलत नाई. हा रोज सांगते, कुठं चुकलो ते."

मी सिंदी रेल्वे या गावचा. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलत. कॉलेजसाठी आलो तेव्हा मास्तरांनी घरामागची खोली दिली. इंटरला नापास झालो आणि ट्रंक उचलून गावी निघालो, तर मास्तर दारात आडवे उभे. "कुठं चालला? कोणता पेपर बिघडला तो काढ आधी." संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्याकडून एकेक प्रश्न वदवून घेतला. बिघडलेला पेपर तर्कशास्त्राचा, आणि तो विषय त्यांना येत नव्हता. मी कुठे अडखळतो, ते मात्र बरोबर कळत होते. पुढच्या खेपेला मी पास झालो.

त्यांचे खरे वेड म्हणजे घरी भाद्रपदात बसणाऱ्या महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, फुलांच्या आराशीचा फोटो. आरास बाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. एका वर्षी लाल जास्वंद फोटोत काळीकुट्ट उतरली. बाई म्हणाल्या, "अहो, माह्या लक्ष्म्याइले कोळशाचे हार घातले तुम्ही!" कॅमेऱ्यातल्या त्या जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसत नाही, हे मास्तरांना तेव्हा समजले. मग ते शेवंती, तगर लावायला सांगू लागले. बाई विचारत, "लक्ष्म्या माह्या हायेत, का तुमच्या कॅमेऱ्याच्या?"

खोलीत उजेड कमी. भिंगावरचे झाकण काढून बराच वेळ थांबावे लागे आणि तेवढ्यात काहीही हलून चालत नसे. मी आलो त्या वर्षी झाकण निघालेले असतानाच बाईंनी हात घालून एक हार नीट केला.

"हात काऊन घातला?" मास्तर ओरडले.

"वाकडा होता न तो! मले दिसून राह्यला, तुमाले नाई?"

फोटोत फुलांवर धुरासारखा हात उमटला. बांगड्या दिसत होत्या आणि हातातून मागची शेवंतीही. मास्तरांनी तो हसत भिंतीवर लावला.

त्याच हिवाळ्यात बाई तापाने गेल्या. "माहा काय काढता, फुलं काढा," असे म्हणून त्यांनी कधी स्वतःचा फोटो काढू दिला नव्हता. तेवढा हातच राहिला.

पुढच्या वर्षी मास्तरांच्या भावजयीने आरास मांडली. मास्तर झाकण हातात धरून उजवीकडे पाहत राहिले, जिकडून बाई पुढे आल्या होत्या तिकडे. या वेळी मध्ये कोणाचाच हात आला नाही. प्लेट धुतली, पाकळी न् पाकळी सुटी दिसत होती.

"मास्तर, किती सुंदर!" मी म्हणालो.

"हो. साफ आला," एवढेच म्हणून त्यांनी तो पेटीत टाकला. त्यानंतरच्या वर्षीही ते तसेच उभे राहिले. ओली प्लेट उजेडाकडे धरून म्हणाले, "यंदाबी साफच आला." तो आवाज अजून कधी कधी माझ्या कानांत येतो.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी गावी होतो. त्याच दिवशी मास्तरांना पत्र टाकले. उत्तर आले ते भावजयीचे. महालक्ष्म्या बसायच्या आधीच मास्तर गेले होते. माझे पत्र त्यांनी आजारपणात तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले होते, असे तिने कळवले आणि पत्र परत पाठवले. ते असे:

"तीर्थस्वरूप मास्तरांस साष्टांग नमस्कार. पास झालो. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. आई विचारते, आता तरी पेपर संपले का? महालक्ष्म्यांना मी येतो. यंदा एक मागणे आहे. घरात तुमचा एकही फोटो नाही. आराशीजवळ तुम्ही बसा, झाकण मी काढतो. मला अंदाज नाही, चुकेल. तुम्ही रागवा. आणि मध्येच उजवीकडे वळून पाहावेसे वाटले, तर खुशाल पाहा. हललात तरी चालेल."