शेवटून कायदा वाचणाऱ्या दुर्गेबाई

दुर्गेबाई कुठलाही कायदा शेवटून वाचायच्या. चंद्रपूरच्या कोर्टाजवळच्या गल्लीत माझं सायबर कॅफे होतं. प्लायवूडची तीन खोपटी, तीन कॉम्प्युटर. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा काळा कोट खांद्यावर टाकलेला होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "अस्लमभाऊ, हे पान खालून उघडते का?"

"नाही बाई, इंटरनेटचं पान वरूनच उघडतं."

"मंग तुमचं इंटरनेटच उलटं आहे. कायद्यात वर लिवलं असते काय भेटत नाई. खाली बारीक अक्षरात लिवलं असते, तरीबी कोनाले भेटते. अन् आपले पक्षकार तं सारे खालचेच."

आज बाई नाहीत, पण कुठलाही कागद हातात आला की माझी नजर आधी तळाशी जाते.

त्यांचे वडील राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत मजूर होते. पोरीला वकील करायचं म्हणून त्यांनी हट्ट धरला आणि पोरीने तो पुरा केला. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "एक स्थळ आलं होतं. त्याची उलटतपासनी घेतली, तं पळून गेलं." खाणीत गेलेल्या जमिनी, ट्रकखाली गेलेली माणसं, सिमेंटच्या धुळीने गेलेली पिकं अशी त्यांची प्रकरणं. आवाज असा, की शेजारच्या कोर्टातला साक्षीदार दचकून खरं बोलायला लागायचा, असं लोक म्हणत.

अशा बाईंना परदेशच्या कायद्याचं वेड लागलं ते एका स्वेटरमुळे. हिवाळ्यात आमच्याकडे तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात. त्यातली डोल्मा गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतली. वर्षाची असताना बापाच्या पाठीवर भारतात आली, ती झाडीपट्टीतच वाढली आणि तिथली झाडी बोलीच बोलायला लागली. बाई दरवर्षी तिच्याशी तासभर घासाघीस करायच्या आणि थंडी कुठे आहे म्हणून काही न घेता परतायच्या. त्या वर्षी मात्र डोल्माने घासाघीस केलीच नाही. म्हणाली, "द्याचं ते द्या, बाई." बाईंनी स्वेटर खाली ठेवला. "काऊन वो? कोनाचं काय झालं?"

झालं होतं असं. डोल्माचा नवरा मागे राहिलेल्या आजारी आईला भेटायला तिबेटात गेला आणि तिथं पकडला गेला. कसाबसा सुटला आणि पळत पळत युरोपातल्या एका देशात पोचला. त्या देशाने त्याला आसरा दिला. त्याने बायको आणि मुलीला बोलावून घ्यायचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. कारण लग्नाचा सरकारी दाखला नव्हता. लग्न लामांनी लावलेलं, दाखला कोण देणार? मुलगी पेमा सतरा वर्षांची. अठरा पूर्ण झाली की बापाच्या हक्कावर तिला जाता येणार नव्हतं. मग दिल्लीचा एक एजंट भेटला. त्याने सांगितलं, अर्जबिर्ज सोडा, मी तुम्हाला तिकडे पोचवतो. पोचल्यावर सांगायचं, आम्ही मायलेकी आत्ताच डोंगर ओलांडून तिबेटातून आलो.

बाई तिला माझ्या कॅफेत घेऊन आल्या. स्वतः स्टुलावर बसल्या, तिला समोर उभं केलं. "मी तिथला साहेब. सांग, डोंगर कसा ओलांडला?"

"चालत."

"बर्फ केवढा होता?"

"गुडघ्यापरेंत."

"पायात काय होतं?"

डोल्माने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "स्लिपर."

मी हसलो, बाई हसल्या, डोल्माही हसली. "बाई, मले बर्फ कुठी आठवते? मी तं बापाच्या पाठीवर झोपली होती!"

बाईंचं हसू आधी थांबलं. "तिथला साहेब हसनार नाई, डोल्मा. तो लिवून घेईन. अन् एकदा खोटं लिवलं गेलं, का तुह्यं खरं लगनबी खोटं धरते. एजंटले नाई म्हन. अपिलाची मुदत आहे अजून. मी वाचते," म्हणून त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

मग रोज कोर्ट सुटलं की बाई हजर. निर्वासितांचे आंतरराष्ट्रीय करार, त्या देशाच्या कायद्याचं इंग्रजी भाषांतर, तिथल्या कोर्टांचे जुने निकाल. पान इंचाइंचाने उतरायचं आणि तळ दिसायच्या आत वीज जायची. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणारं आमचं गाव! अंधारात बाई गरजायच्या, "वीज आमी बनवाची अन् कायदा कंदिलात वाचाचा!" आवडता मुद्दा सापडला की उभ्या राहून स्क्रीनपुढेच युक्तिवाद करायच्या. एका संध्याकाळी त्या एवढ्या जोरात "भेटलं!" म्हणून ओरडल्या, की शेजारच्या खोपटातल्या पोराने घाबरून आपलं पान बंद केलं.

एका निकालाच्या अगदी तळाशी लिहिलं होतं की, निर्वासिताकडे लग्नाचा दाखला नाही एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. दुसरा पुरावाही बघितला पाहिजे.

"डोल्मा, लगनात कोन कोन होतं?"

"सारा गाव. बाजूच्या गावचा ब्यांडबी होता. पेमाच्या बापालेच पाह्यजे होता ब्यांड."

बाईंना एवढंच हवं होतं. एसटीने वसाहतीत जाऊन त्यांनी लामांचा, शेजाऱ्यांचा आणि त्या बॅंडमास्तरचा जबाब शपथेवर घेतला. त्यात एक वाक्य होतं: 'नवरदेव खूप नाचला, नवरी लाजून उभी होती, हे मी क्लॅरोनेट वाजवताना स्वतः पाहिलं.' मी म्हटलं, "बाई, हे इंग्रजीत कसं दिसेल?" त्या म्हणाल्या, "लगनासारखं दिसन."

नवऱ्याच्या तिथल्या वकिलामार्फत अपील गेलं. हिवाळा सरला, स्वेटरवाले परत गेले, पेमाचा वाढदिवस जवळ येत चालला. निकालाचा ईमेल आला त्या दिवशी मी धावत जाऊन बाईंना बोलावलं. तो मात्र त्यांनी वरून, एकेक ओळ, सावकाश वाचला. तळाची त्यांना भीती वाटत होती. तळाशी पोचल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "डोल्माले तुमीच फोन लावा. माहा आवाज नाई निघून राह्यला."

भर एप्रिलच्या उन्हात मायलेकी तिकडे निघण्याआधी निरोप घ्यायला आल्या. डोल्माने तिबेटी रिवाजाप्रमाणे बाईंच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला. बाई तो तसाच ठेवून कोर्टात उभ्या राहिल्या.

दोन वर्षांनी डोल्माने बाईंना तिकडे बोलावलं. बाईंनी हौसेने पासपोर्ट काढला, व्हिसाचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला. 'अर्जदार परत जाईल याची खात्री पटत नाही. मायदेशी बांधून ठेवणारं काही दिसत नाही.' बाई माझ्या काउंटरपाशी ते पत्र धरून बसल्या.

"नवरा नाई, लेकरू नाई, वावर नाई," त्या म्हणाल्या. "खोटं काय लिवलं, अस्लमभाऊ?"

तेवढ्यात दारातून एका म्हाताऱ्या बाईने डोकं आत घातलं. तिची जमीन खाणीत गेली होती, खटला बाईंकडे होता. "बाई, कोर्टात आपल्या केसचा पुकारा झाला नं! मी तुमाले कुठी कुठी शोधून राह्यली!"

"आली वो माय, आली." बाई ताडकन उठल्या. पत्र माझ्या काउंटरवर टाकलं, एक हात कोटात घातला, दुसरी बाही शोधत दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून मला म्हणाल्या, "त्या साहेबाले लिवून टाका, पुकारा झाला म्हनून बाई येऊ शकल्या नाई."